‘यूज्ड टू’ म्हणजे सवय आहे की होती? इंग्रजीतलं ‘तेव्हा’ आणि ‘आता’ समजून घ्या

समजा, एका कंपनीत मुलाखत सुरू आहे. समोरच्या उमेदवाराला विचारलं जातं, एक्सेलवर काम करता येतं का? ती आत्मविश्वासानं उत्तर देते, ‘येस सर, आय यूज्ड टू वर्क ऑन एक्सेल डेली.’

तिला म्हणायचं होतं की, मला एक्सेलवर रोज काम करायची सवय आहे. समोरच्यानं ऐकलं की, मी एके काळी एक्सेलवर रोज काम करायचे, आता करत नाही. व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्यात काहीच चूक नाही. त्यामुळे तिला कुणी टोकतही नाही. फक्त तिच्याबद्दलची एक चुकीची माहिती समोरच्या कागदावर नोंदवली जाते.

हाच गोंधळ डॉक्टरसमोर झाला तर? परदेशात मुलाकडे गेलेल्या आईनं तिथल्या दवाखान्यात सांगितलं, ‘आय यूज्ड टू टेक बीपी टॅब्लेट.’ डॉक्टरांचा समज होणार की गोळी बंद झाली आहे. प्रत्यक्षात आईनं ती सकाळीच घेतलेली असते.

एखादी गोष्ट पूर्वी होती आणि आता नाही, किंवा पूर्वी होती आणि आजही आहे, हे प्रत्येक भाषा सांगते. पण ते वाक्यात नेमकं कुठे सांगायचं, याचे नियम वेगळे असतात. मराठीची सवय इंग्रजीत तशीच नेली की वाक्य शुद्ध राहतं, पण त्यातला ‘आता’ बदलतो. हे कसं होतं, ते एकेक करून पाहूया.

‘यूज्ड टू’चा नेमका अर्थ काय?

‘यूज्ड टू’ हा शब्दप्रयोग दोन गोष्टी एकदम सांगतो. पहिली, एखादी गोष्ट पूर्वी नेहमी घडायची किंवा एखादी स्थिती बराच काळ होती. दुसरी, आता तसं राहिलेलं नाही. पहिली गोष्ट उघड सांगितली जाते, दुसरी ऐकणारा समजून घेतो.

‘धिस सिटी यूज्ड टू बी कॉल्ड बॉम्बे’ हे वाक्य घ्या. या शहराला पूर्वी बॉम्बे म्हणत, आता म्हणत नाहीत, हे दोन्ही त्यात आलं. शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं ते १९९५ मध्ये. पण मुंबई उच्च न्यायालयाचं इंग्रजीतलं अधिकृत नाव अजूनही बॉम्बे हाय कोर्ट असंच आहे. त्यामुळे त्याच्याबद्दल ‘यूज्ड टू’ चालणार नाही. तिथे ‘इट इज स्टिल कॉल्ड बॉम्बे हाय कोर्ट’ असंच म्हणावं लागेल.

मग ‘आता नाही’ हा अर्थ येतो कुठून? ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत याचं सामान्य तत्त्व मांडलं होतं. बोलणारा गरजेपुरती पूर्ण माहिती देतोय, असं ऐकणारा गृहीत धरतो. गोष्ट आजही सुरू असती, तर बोलणाऱ्यानं साधा वर्तमानकाळ वापरला असता. त्यानं मुद्दाम भूतकाळ निवडला, म्हणजे ती संपली असणार, असा अंदाज ऐकणारा बांधतो.

हा अंदाज खोडताही येतो. ‘आय यूज्ड टू लव्ह वडापाव, अँड आय स्टिल डू’ असं म्हटलं तर वाक्य चुकत नाही. पण त्यासाठी पुढचे चार शब्द बोलावे लागतात. ते बोलला नाहीत, तर वडापाव सुटला असंच समोरचा धरून चालतो.

मराठीत असं होत नाही का?

होतं, पण इतक्या ठामपणे नाही. शाळेच्या व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. ‘मी जात असे’ हे त्याचं पुस्तकी रूप आणि ‘मी जायचो’, ‘मी जायचे’ हे बोलण्यातलं. ‘आम्ही मे महिन्यात कोकणात जायचो’ या वाक्यातही आता जाणं बंद झाल्याची छटा आहे. पण मराठी माणूस सहसा तेवढ्यावर थांबत नाही. तो ‘पूर्वी’ जोडतो, ‘हल्ली जमत नाही’ असं म्हणतो, किंवा ‘आता ते दिवस राहिले नाहीत’ असं सांगून मोकळा होतो. म्हणजे ‘आता’चं काम मराठीत बऱ्याचदा वेगळे शब्द करतात. इंग्रजीत तेच काम एकटं ‘यूज्ड टू’ करून टाकतं.

मग ‘सवय आहे’ हे कसं सांगायचं?

मुलाखतीतल्या उमेदवाराची चूक इथे झाली. ‘यूज्ड टू’चा सवयीशी संबंध आहे, हे तिला बरोबर आठवत होतं. पण इंग्रजीत ऐकायला सारखे वाटणारे तीन प्रयोग आहेत.

- ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ म्हणजे मी पूर्वी रात्री काम करायचो. आता करत नाही.
- ‘आय एम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’ म्हणजे मला रात्री काम करायची सवय आहे. आजची गोष्ट.
- ‘आय एम गेटिंग यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’ म्हणजे रात्रीचं काम हळूहळू अंगवळणी पडतंय.

फरक दोन जागी आहे. सवय सांगताना आधी ‘एम’, ‘इज’, ‘आर’ किंवा ‘गेट’ यायला हवं. आणि पुढचं क्रियापद ‘वर्क’ असं साधं न येता ‘वर्किंग’ असं यायला हवं.

आणि रोजचं साधं काम सांगायचं असेल, तर यातलं काहीच नको. ‘आय वर्क ऑन एक्सेल एव्हरी डे’ एवढं पुरेसं आहे. भारतातल्या बोली इंग्रजीत रोजच्या सवयीसाठीही ‘यूज्ड टू’ सर्रास ऐकू येतं. आपल्या-आपल्यात ते समजूनही घेतलं जातं. परदेशी सहकारी किंवा ग्राहक समोर असला की मात्र अर्थ उलटा जातो.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजी लेखनात हा प्रयोग वर्तमानकाळातही होता. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘आय यूज टू’ म्हणजे ‘माझा असा रिवाज आहे’ असं लिहिलं जायचं. पुढे ते रूप मागे पडलं आणि फक्त भूतकाळाचं रूप टिकलं. म्हणून आज ‘यूज्ड टू’ला वर्तमानकाळच नाही.

उच्चार आणि स्पेलिंगचं काय?

चाकू वापरला, या अर्थाच्या ‘यूज्ड’चा उच्चार ‘यूझ्ड’ असा होतो. ‘पूर्वी करायचो’ आणि ‘सवय आहे’ या दोन्ही अर्थांच्या ‘यूज्ड टू’चा उच्चार मात्र ‘यूस्टू’ असा, एका दमात होतो. मधला ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये विरघळतो. म्हणूनच लिहिताना तो ‘डी’ अनेकांच्या हातून सुटतो.

होकारार्थी वाक्यात ‘डी’ लागतोच. प्रश्नात किंवा नकारात आधी ‘डिड’ आलं, की भूतकाळाचं काम त्यानं केलेलं असतं. म्हणून ‘डिड यू यूज टू लिव्ह हिअर?’ आणि ‘आय डिडन्ट यूज टू लाइक टी’ इथे ‘डी’ न लावणं हेच प्रमाण मानलं जातं. ऐकताना दोन्ही सारखंच लागतं, फरक फक्त लिहिण्यात दिसतो.

किती वर्षं, किती वेळा? तिथे ‘यूज्ड टू’ नाही

‘मी पुण्यात पाच वर्षं राहायचो’ हे मराठीतही कानाला खटकतं. आपण ‘पाच वर्षं राहिलो’ किंवा ‘राहत होतो’ असं म्हणतो. इंग्रजीतही तसंच आहे. नेमका कालावधी किंवा नेमकी संख्या सांगायची असेल, तर साधा भूतकाळ येतो: ‘आय लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’. ‘मी तिथे तीनदा गेलो’ म्हणजे ‘आय वेन्ट देअर थ्री टाइम्स’. पण ‘आठवड्यातून तीनदा’ ही सवय झाली, तिथे ‘यूज्ड टू’ चालतं.

‘वुड’ कुठे चालतं?

आठवणी सांगताना इंग्रजीत ‘वुड’ही येतं. ‘एव्हरी समर, माय ग्रँडमदर वुड मेक पापड्स’ म्हणजे दर उन्हाळ्यात आजी पापड करायची. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या कृतीसाठी हे छान बसतं. पण स्थितीसाठी बसत नाही. ‘आमच्याकडे सायकल होती’ हे ‘वी वुड हॅव अ सायकल’ असं म्हणता येत नाही, तिथे ‘वी यूज्ड टू हॅव अ सायकल’च हवं.

आणखी एक, ‘वुड’ला आधार लागतो. कोणत्या काळाबद्दल बोलतोय, ते आधी सांगावं लागतं. म्हणून इंग्रजीत आठवणी सांगणारे बऱ्याचदा पहिलं वाक्य ‘यूज्ड टू’नं सुरू करतात आणि पुढची ‘वुड’नं चालवतात.

तीन वर्षं काम ‘केलं’ की ‘करतोय’?

बायोडेटा आणि मुलाखतीत सर्वांत महाग पडणारी जागा ही. खालची दोन वाक्यं पाहा.

‘आय वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स.’
‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स.’

पहिल्यात नोकरी सुटली आहे. दुसऱ्यात ती आजही सुरू आहे. ‘हॅव’ हा भूतकाळाला आजशी जोडणारा दुवा आहे. तो काढला की भूतकाळ आजपासून तुटतो.

मराठीत आपण हेच ‘मी इथे तीन वर्षांपासून काम करतोय’ असं चालू वर्तमानकाळात सांगतो. त्याचंच शब्दशः रूप म्हणजे ‘आय एम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’. यातून अर्थ पोचतो, पण प्रमाण इंग्रजीत तिथे ‘हॅव बीन वर्किंग’ आणि ‘फॉर’ लागतं. ‘सिन्स’ नंतर सुरुवातीचा क्षण येतो, जसं ‘सिन्स २०२१’. ‘फॉर’ नंतर कालावधी येतो, जसं ‘फॉर थ्री इयर्स’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतं, म्हणून ही गफलत होते.

‘हॅव’चा आजशी असलेला संबंध किती घट्ट आहे, हे दाखवणारं एक उदाहरण भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. ‘आइनस्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन’ हे वाक्य इंग्रजी भाषकांना विचित्र वाटतं. कारण आइनस्टाइन यांचं १९५५ मध्ये निधन झालं आणि ‘हॅज’मुळे ते हयात असल्यासारखं वाटतं. तेच ‘प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइनस्टाइन’ असं फिरवलं, तर बरंच कमी खटकतं, कारण प्रिन्स्टन आजही आहे.

सरकारी अर्जांतही हे महत्त्वाचं ठरतं. अमेरिकेच्या डीएस-१६० या व्हिसा अर्जात यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का, असा प्रश्न असतो आणि त्याची सुरुवात ‘हॅव यू एव्हर बीन’ अशी असते. ‘हॅव’ आणि ‘एव्हर’ एकत्र आले की प्रश्न आजपर्यंतच्या संपूर्ण आयुष्याचा असतो. दहा वर्षांपूर्वी नकार आला आणि नंतर व्हिसा मिळाला असला, तरी उत्तर ‘हो’ असंच होतं.

‘आय हॅड गॉन’ ऐकून समोरचा थांबतो का?

‘काल कुठे होतास?’ या प्रश्नाला मराठी माणसाचं इंग्रजी उत्तर बऱ्याचदा असं असतं: ‘आय हॅड गॉन टू मुंबई.’ समोरचा इंग्रजी भाषक पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो.

यामागे मराठीतली एक सुंदर सोय आहे. ‘बाबा बाजारात गेलेत’ म्हणजे ते अजून तिकडेच आहेत. ‘बाबा बाजारात गेले होते’ म्हणजे ते जाऊन परत आले. ‘होते’ हा छोटासा शब्द सांगतो की ती स्थिती आता संपली. तेव्हा आणि आता यांतला फरक मराठीनं इथे क्रियापदातच बसवला आहे.

इंग्रजीतलं ‘हॅड गॉन’ दिसायला ‘गेले होते’सारखंच आहे, पण त्याचं काम वेगळं आहे. ते भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे सांगतं. ‘व्हेन आय रीच्ड होम, ही हॅड गॉन’, म्हणजे मी घरी पोचलो त्याआधीच तो गेला होता. दुसरी घटनाच नसेल, तर ‘हॅड’ अधांतरी राहतं. म्हणून कालच्या मुंबईवारीसाठी ‘आय वेन्ट टू मुंबई’ एवढंच पुरे.

मग परत आल्याचं कसं सांगायचं? त्यासाठी इंग्रजीत ‘गॉन’ आणि ‘बीन’ अशी जोडी आहे. ‘शी हॅज गॉन टू नाशिक’ म्हणजे ती नाशिकला गेलीय, अजून आलेली नाही. ‘शी हॅज बीन टू नाशिक’ म्हणजे ती नाशिकला जाऊन आलीय. फक्त ‘यस्टरडे’सारखा ठरावीक वेळ सांगायचा असेल, तर हे ‘हॅज’ चालत नाही.

‘आता नाही’ हे थेट कसं सांगतात?

यासाठी दोन मुख्य प्रयोग आहेत. ‘नो लाँगर’ हा जरा औपचारिक. तो मुख्य क्रियापदाच्या आधी येतो, पण ‘इज’, ‘आर’च्या नंतर: ‘ही नो लाँगर वर्क्स हिअर’, ‘धिस नंबर इज नो लाँगर इन यूज’. बँका, कंपन्या आणि सरकारी पत्रांत हाच दिसतो. दुसरा ‘एनी मोअर’. तो बोलण्यात जास्त आणि वाक्याच्या शेवटी येतो: ‘ही डझन्ट वर्क हिअर एनी मोअर’.

‘नो लाँगर’मध्ये नकार आधीच आहे. त्यामुळे ‘डझन्ट नो लाँगर’ असा दुहेरी नकार नको. ‘एनी मोअर’ला मात्र वाक्यात वेगळा नकार लागतो. अमेरिकेच्या काही भागांत लोक ‘एनीमोअर’ नकाराशिवायही वापरतात आणि तिथे त्याचा अर्थ ‘हल्ली’ असा होतो. ‘पेट्रोल इज एक्स्पेन्सिव्ह एनीमोअर’ म्हणजे हल्ली पेट्रोल महाग झालंय. तिथे राहणाऱ्यांनी ते ऐकून गोंधळू नये, पण लिहिताना टाळावं.

एक ‘अजून’, इंग्रजीत दोन

‘तो अजून इथेच आहे’ आणि ‘तो अजून आला नाही’. मराठीत दोन्हीकडे ‘अजून’. इंग्रजीत पहिल्याला ‘स्टिल’ आणि दुसऱ्याला ‘येट’: ‘ही इज स्टिल हिअर’, ‘ही हॅजन्ट कम येट’.

नकारातही ‘स्टिल’ येऊ शकतं, पण सूर बदलतो. ‘आय हॅवन्ट रिसीव्ह्ड द पेमेंट येट’ ही साधी माहिती आहे. ‘आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड द पेमेंट’ म्हटलं की ‘एवढे दिवस झाले तरी’ अशी नाराजी त्यात येते. पहिल्याच ईमेलमध्ये ‘स्टिल’ लिहिलं, तर समोरच्याला तक्रार वाटू शकते. तिसऱ्या ईमेलमध्ये मात्र ते अगदी योग्य जागी बसेल.

माजी, तत्कालीन आणि दिवंगत

माणसांबद्दल बोलताना तर जास्तच जपावं लागतं. ‘फॉर्मर’ म्हणजे माजी. ‘लेट’ म्हणजे दिवंगत. ‘द देन’ म्हणजे तत्कालीन, म्हणजे घटना घडली तेव्हा पदावर असलेला. माजी मुख्यमंत्री आज पदावर नसतात. तत्कालीन मुख्यमंत्री आज पदावर असतील किंवा नसतील, त्यावर तो शब्द काहीच सांगत नाही.

वडिलांच्या व्यवसायाबद्दलही असंच. ‘माय फादर वॉज अ टीचर’ हे बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात ते हयात नसल्याची शंका येऊ शकते. वडील निवृत्त झाले असतील तर ‘माय फादर इज अ रिटायर्ड टीचर’ म्हणणं सर्वांत सुरक्षित. ‘ही यूज्ड टू बी अ टीचर’ हेही चालेल. त्यातून आता काम बदललं किंवा थांबलं, एवढंच ऐकणारा समजतो.

बोलण्याआधी काय तपासायचं?

नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा स्वतःला एक प्रश्न विचारणं सोपं: ही गोष्ट आज खरी आहे का?

- आजही रोज घडते: साधा वर्तमानकाळ. ‘आय टेक धिस टॅब्लेट.’
- तेव्हा सुरू झाली, आजही सुरू आहे: ‘हॅव’. ‘आय हॅव बीन टेकिंग इट फॉर टू इयर्स.’
- पूर्वी नेहमी घडायची, आता नाही: ‘यूज्ड टू’. ‘आय यूज्ड टू टेक इट.’
- ठरावीक वेळी घडली आणि संपली: साधा भूतकाळ. ‘आय टुक इट लास्ट नाइट.’
- आज तिची सवय आहे: ‘एम यूज्ड टू’. ‘आय एम यूज्ड टू टेकिंग इट.’

एकच गोळी आणि पाच वाक्यं. परदेशातल्या दवाखान्यात आईनं यातलं पहिलं किंवा दुसरं वाक्य निवडलं, तर डॉक्टरांच्या नोंदीत ती गोळी आज सुरू असलेल्या औषधांमध्ये जाईल. आणि त्याच औषधाची दुसरी चिठ्ठी लिहिण्याआधी ते थांबून विचार करतील.